गव्हावरील तांबेरा आणि देशोदेशींचे शास्त्रज्ञ

गव्हाचे पीक निसवून दाणा भरू लागला म्हणजे काही वर्षी खोडावर व खोडाला वेढणाऱ्या पानांच्या भागावर विटकरी रंगाचे लांबट फोड दिसू लागतात. त्यांवर बोट फिरविले असता गेरूसारखी भुकटी हातास लागते. अशा पिकातून चालत आलेल्या माणसाचे धोतर गुडघ्यापर्यंत तांबडे होते. हाच तांबेरा होय. काही भागांत यास गेरवा असेही म्हणतात. हवामान अनुकूल असल्यास दोन-तीन आठवड्यांत शेताचे रूप पालटते, दाणा पोचट राहतो, आणि जेथे उभ्या पिकावर पोत्यांचा अंदाज बांधला होता तेथे मळणीनंतर भुसाच अधिक पदरात पडतो.

या रोगाविषयी पूर्वी अनेक समजुती होत्या. तो जमिनीतून येतो असे कोणी म्हणत, ढगाळ हवेने पडतो असे कोणी म्हणत, तर पूर्वेचा वारा लागल्याने येतो असेही सांगणारे होते. नर्मदेच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांबेऱ्याने गव्हाची पिके बुडून शेतकऱ्यांची कशी दैना झाली, याचे वर्णन त्या प्रांतातील इंग्रज अधिकारी स्लीमन याने लिहून ठेवले आहे. पुढे १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात अशीच मोठी साथ आली. रोग जुना, नुकसान मोठे. तथापि मैदानात दरवर्षी तो येतो कोठून, या प्रश्नाचे उत्तर विसावे शतक उजाडेपर्यंत कोणास देता आले नव्हते.

ते उत्तर कसे मिळाले, आणि मिळाल्यानंतरही ही झुंज का संपली नाही, हे पाहू गेल्यास एक गोष्ट स्पष्ट दिसते. तांबेरा एका गावाचा वा एका देशाचा रोग नाही, म्हणून त्याचा अभ्यासही एका देशाने करून भागत नाही. शिवाय त्याचे नवे रूप प्रथम जेथे डोके वर काढते, तेथील शास्त्रज्ञाजवळ साधने बहुधा सर्वांत थोडी असतात.

मैदानात तांबेरा येतो कोठून?

हा प्रश्न आग्रा कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी १९२० नंतर हाती घेतला. त्या वेळी युरोप व अमेरिकेतील ग्रंथांत याचे एक उत्तर तयारच होते. तांबेऱ्याची बुरशी आपल्या आयुष्यक्रमाचा काही भाग बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपावर काढते व वसंत ऋतूत तेथून गव्हावर येते, असे तिकडे सिद्ध झाले होते. अमेरिकेने तर १९१८ सालापासून ही झुडपे उपटून टाकण्याची देशव्यापी मोहीमच चालविली होती. आपल्याकडील दारुहळद हे याच कुळातील झुडूप. ते हिमालयात मुबलक आढळते. तेव्हा परक्या ग्रंथातील उत्तर येथे चिकटवून मोकळे होणे अगदी सोपे होते.

मेहतांनी तसे केले नाही. त्यांनी डोंगरांत व मैदानांत वर्षानुवर्षे पाहणी केली, आणि चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या ठिकठिकाणी हवेत धरून त्यांवर बसणारे बीजकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. त्यावरून असे दिसून आले की भारतात गव्हावरील तांबेऱ्याच्या साथीशी बार्बेरीचा संबंध नाही. मैदानातील उन्हाळ्याच्या उष्णतेने तांबेऱ्याचे बीजकण मरून जातात. जमिनीत वा भुशात ते पुढील हंगामापर्यंत टिकत नाहीत. ते टिकतात ते थंड डोंगरांत. उत्तरेस हिमालयात आणि दक्षिणेस निलगिरी व पळणी या पर्वतांत गव्हाची रोपे वर्षाच्या बहुतेक काळ उभी असतात. त्यांवर रोग तग धरतो आणि दर हंगामास वाऱ्याबरोबर नव्याने खाली उतरतो. मेहतांचा हा प्रबंध १९४० साली प्रसिद्ध झाला.

त्या पायावर पुढील पिढीने काम केले. १९७० नंतरच्या दशकात एस. नागराजन व एल. एम. जोशी या शास्त्रज्ञांनी हवामानाचे नकाशे व रोगाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ निर्माण होऊन विशिष्ट मार्गाने सरकले, तर दक्षिणेच्या पर्वतांतील खोड-तांबेऱ्याचे बीजकण उंचावरील वाऱ्यांनी मध्य भारतावर येतात व पावसाबरोबर पिकावर उतरतात, असे त्यांना आढळले. पूर्वेचा वारा आणि ढगाळ हवा यांविषयीची जुनी समजूत अगदीच निराधार नव्हती, असे यावरून म्हणावे लागते.

महाराष्ट्रात महाबळेश्वरी गव्हावरील तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे, यामागील कारणही हेच. गहू पिकतो खाली देशावर. परंतु तेथील थंड व दमट हवेत रोग एरवीही जिवंत ठेवता येतो, त्याचे नमुने पारखता येतात, आणि नवे वाण हेतुपुरस्सर रोगट वातावरणात वाढवून त्यांची परीक्षा घेता येते.

वाण एक, वंश अनेक

शेतकऱ्याचा एक प्रश्न नेहमीचा आहे. अमुक वाण तांबेऱ्यास दाद देत नाही म्हणून बी घेतले, चार वर्षे पीक स्वच्छ आले, आणि पाचव्या वर्षी तोच वाण तांबडा झाला. मग बियाण्यात भेसळ झाली काय? भेसळ क्वचित असतेही. परंतु बहुधा बियाणे तेच असते, बदललेली असते ती बुरशी.

तांबेऱ्याची बुरशी वरून एकसारखी दिसली तरी तिच्यात अनेक वंश असतात. एक वंश एका वाणावर वाढतो, दुसऱ्यावर वाढत नाही. हे भेद डोळ्यांनी दिसत नाहीत. ते ओळखण्यासाठी निरनिराळ्या गव्हांची रोपे ओळीने लावून प्रत्येकावर तोच नमुना टाकावयाचा आणि कोणत्या रोपावर मोठा फोड येतो, कोणत्यावर नुसता ठिपका पडतो, हे पाहावयाचे, अशी युक्ती अमेरिकेतील मिनेसोटा येथील स्टॅकमन व त्यांचे सहकारी लेव्हिन यांनी बसविली. १९२२ साली त्यांनी या परीक्षेसाठी बारा गव्हांचा संच निश्चित केला, आणि जगभरचे शास्त्रज्ञ तो वापरू लागले.

त्या बारांपैकी एकाचे नाव ‘खपली’ असे आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांत पुरणपोळी व खिरीसाठी जो खपली गहू पिढ्यान् पिढ्या लावला जातो, त्याच्याच जातीचे हे बी होय. भारतातून गेलेल्या या गव्हावर तांबेऱ्याचे बहुतेक वंश वाढू शकत नव्हते, म्हणून परीक्षेच्या संचात त्यास स्थान मिळाले. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी याच खपलीचा तेथील गव्हाशी संकर करून ‘खपस्टीन’ नावाचा गहू काढला. खपलीतील प्रतिकारक गुणांपैकी एकास शास्त्रज्ञ ‘एस-आर १३’ या नावाने ओळखतात. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

देशोदेशींच्या बियाण्याची अशी देवाणघेवाण नसती तर आजचा गहू झाला नसता. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले, हे सर्वश्रुत आहे. त्या गव्हाचा ठेंगणेपणा मुळात जपानच्या ‘नोरीन १०’ या वाणातून आला होता. आणि मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी तांबेऱ्यास तोंड देणारे आरंभीचे वाण काढले, तेव्हा त्यांत केनियाचे गहू वापरले होते. अमेरिकेत १९५० साली ‘१५ ब’ नावाचा वंश पसरला आणि १९५३ व १९५४ साली तेथील बन्सी जातीच्या गव्हाची पिके बुडाली, तेव्हा सधन देशासही एकट्याने हे काम झेपणारे नाही असे दिसून आले. निरनिराळ्या देशांचे गहू अनेक देशांत एकाच वेळी लावून पाहण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी १९५० सालीच सुरू झाली. संकट आपल्या दारी आल्यावर सहकार्याची आठवण व्हावी, ही रीत पुढेही दिसते.

युगांडातील नमुना

पुढील तीन दशके खोडावरील तांबेरा बहुतेक देशांत मागे हटला. याचे श्रेय बऱ्याच अंशी रायच्या धान्यातून गव्हात आणलेल्या ‘एस-आर ३१’ या एका प्रतिकारक गुणास होते. तो असलेले वाण युरोपपासून भारतापर्यंत पसरले. उत्तर भारतात लाखो हेक्टरांवर लावल्या गेलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणातही तो होता. एकाच कुलपावर इतक्या घरांची भिस्त असणे हे धोक्याचे, हे जाणणारे होते. परंतु रोग दिसत नसता तेव्हा त्याच्या संशोधनास पैसा व माणसे मिळत नाहीत. अनेक देशांत खोड-तांबेऱ्याचा अभ्यास करणारे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे आले नाहीत.

१९९८ साली पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात, कालेनग्येरे येथील डोंगराळ भागातील संशोधन केंद्रावर, ‘एस-आर ३१’ असलेल्या गव्हावरच खोड-तांबेरा आढळला. युगांडा हा काही गव्हाचा मोठा देश नव्हे. तेथे गव्हावर काम करणाऱ्या विल्यम वागोइरे यांच्याजवळ वंश-परीक्षेची सोय नव्हती. परंतु जो रोग येथे येऊच नये तो आला आहे, हे ओळखण्याइतकी त्यांची नजर तयार होती. नमुना दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियस यांच्याकडे गेला. त्यांनी परीक्षा करून हा वंश नवा असल्याचे सिद्ध केले. २००० साली याविषयीचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यावर प्रिटोरियस यांच्याबरोबर वागोइरे यांचे, तसेच मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रातील मूळचे भारतीय शास्त्रज्ञ रवी सिंग यांचे नाव होते. नमुना देणाऱ्याचे नाव निबंधावर येणे ही गोष्ट आता सहज वाटेल. परंतु गरीब देशातून नमुना जावा, निबंध दुसऱ्याच्या नावे निघावा, आणि देणाऱ्यास उत्तरही मिळू नये, असेही अनेक वेळा होत आले आहे.

या वंशास ‘यूजी ९९’ असे नाव पडले. तो २००१ साली केनियात, २००३ साली इथिओपियात, २००६ साली सुदान व येमेनमध्ये आणि २००७ साली इराणमध्ये आढळला. वाऱ्याच्या दिशेने पुढे पाहिले तर पाकिस्तान व भारत यांचा सलग गव्हाचा पट्टा होता. केनियातील रूथ वान्येरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतील या प्रसाराचा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी केनियात या वंशाचा आणखी एक प्रकार आढळला. त्याने ‘एस-आर २४’ या दुसऱ्या गुणावरही मात केली होती, आणि त्यावर विसंबलेल्या केनियाच्या शेतकऱ्यांचे २००७ साली मोठे नुकसान झाले.

वृद्ध बोरलॉग यांनी या धोक्याविषयी आवाज उठविला, आणि २००५ साली नैरोबी येथे शास्त्रज्ञांची बैठक होऊन जागतिक सहकार्याची योजना आखली गेली. केनियातील न्जोरो येथील संशोधन केंद्राने आपली जमीन व माणसे या कामास दिली. जो रोग आपल्या देशात नाही त्याची परीक्षा आपल्या देशात घेता येत नाही, घेऊ नयेही. तेव्हा भारत, पाकिस्तान, नेपाळ, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांनी आपले वाण न्जोरोस पाठविले. तेथे वर्षातून दोन हंगाम घेता येतात. भारतातील वाणांची परीक्षाही तेथे आणि इथिओपियात झाली, आणि आरंभी त्यांतील बरेच वाण दुर्बल ठरले. यामुळे रोग येण्यापूर्वीच प्रतिकारक्षम वाण निवडण्यास अवधी मिळाला. पंजाबच्या शेतकऱ्याची राखण करण्याचे काम केनियाच्या एका शेतात चालले, असे म्हटल्यास ते खोटे होणार नाही.

इथिओपियातील शेतकऱ्याचे दोन वाण

शास्त्र, सहकार्य आणि गरीब देशाच्या अडचणी यांची गाठ कोठे पडते, हे इथिओपियाच्या उदाहरणावरून सर्वांत चांगले कळते. म्हणून ते थोडे विस्ताराने पाहणे योग्य होईल.

इथिओपिया हा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील गव्हाचा एक प्रमुख देश. तेथे लहान शेतकरी बैलांच्या नांगराने गहू करतात. २०१० पूर्वी तेथे ‘कुब्सा’ हा वाण फार लोकप्रिय होता. कुब्सा आणि आपल्याकडील पीबीडब्ल्यू ३४३ ही एकाच कुळातील भावंडे; दोन्ही मेक्सिकोच्या केंद्रातील ‘अटिला’ या गव्हापासून आलेली. पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या वंशांपुढे उत्तर भारतात पीबीडब्ल्यू ३४३ ने मान टाकली, आणि २०१० साली इथिओपियात पिवळ्या तांबेऱ्याची प्रचंड साथ येऊन कुब्साही गेला. एका भावंडास झालेले दुखणे दुसऱ्यास होणार, हा इशारा भारताच्या अनुभवात होता. तो वेळीच शेतापर्यंत पोचविण्याची व्यवस्था मात्र अपुरी पडली.

यानंतर तेथील संशोधन संस्थेने व शेतकी खात्याने झपाट्याने ‘दिगालू’ या वाणाचे बियाणे वाढवून वाटले. दिगालू पिवळ्या तांबेऱ्यास दाद देत नव्हता, आणि यूजी ९९ सही तोंड देत होता. शेतकऱ्यांनी तो आनंदाने स्वीकारला. २०१३ च्या नोव्हेंबरात बाले व आर्सी या दक्षिणेकडील भागांत दिगालूवर खोड-तांबेरा पडला आणि कित्येक शेतांत पीक जवळजवळ संपूर्ण गेले. हा यूजी ९९ नव्हता. ‘टी-के-टी-टी-एफ’ असे सांकेतिक नाव असलेला हा निराळाच वंश होता, आणि दिगालूतील प्रतिकारक गुण नेमका त्याच्यापुढे निकामी होता.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी की हा वंश २०१२ सालीच इथिओपियातील नमुन्यात सापडला होता. म्हणजे शास्त्रास त्याची चाहूल लागली नव्हती असे नाही. परंतु चाहूल लागणे, खात्री होणे, कोणता वाण धोक्यात आहे हे ठरणे, आणि त्याच्या जागी देण्यास पुरेसे दुसरे बियाणे तयार असणे, या चार गोष्टींमध्ये फार अंतर असते. गव्हाचे नवे बियाणे मूठभर दाण्यांपासून जिल्ह्यास पुरेल इतके वाढविण्यास कित्येक हंगाम लागतात. रोगास एक पुरतो.

नमुना जातो, उत्तर केव्हा येते?

तांबेऱ्याचा नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठविणे म्हणजे जिवंत रोग पाठविणे होय. यास्तव त्यावर कडक निर्बंध असतात, आणि ते असावयासच हवेत. मिनेसोटा येथील अमेरिकन सरकारची प्रयोगशाळा परदेशातील जिवंत नमुने केवळ कडाक्याच्या हिवाळ्यात घेते. कारण त्या वेळी बाहेर शेतात गव्हाचे हिरवे पान नसते, आणि चुकून बीजकण निसटले तरी ते जगत नाहीत. डेन्मार्क व कॅनडा येथील प्रयोगशाळांनीही असे नमुने तपासले आहेत. नमुना पोचल्यावर बीजकण वाढवून, रोपांवर टाकून, फोडांची पारख करण्यास आणखी आठवडे जातात. इथिओपियाच्या शास्त्रज्ञाने पावसाळी पिकावरून घेतलेल्या नमुन्याचे उत्तर त्याच्या हाती पडेपर्यंत ते पीक कापून झालेले असते.

मग परीक्षा तेथेच का करू नये? तेथे अंबो येथे तांबेऱ्यासाठी प्रयोगशाळा आहे, आणि तेथील माणसे हे काम जाणतात. परंतु काचघराचे तापमान राखण्यास अखंड वीज हवी. बीजकण वर्षानुवर्षे जपण्यास अतिशीत पेटी हवी, आणि ती एक रात्र जरी बंद पडली तरी संग्रह नष्ट होतो. रसायने परदेशातून आणावी लागतात. त्यांसाठी परकीय चलन, परवाने, जकातीचे कागद यांत महिने जातात, आणि थंड राहावयाचे रसायन विमानतळावरील गोदामात तापून निकामी होते. यंत्र देणगी म्हणून मिळते, पण ते दुरुस्त करणारा जवळपास नसतो. अनेक मंदगती संशोधनामागे शास्त्रज्ञाचा आळस नसून हे असते, ही गोष्ट सधन देशांतील मंडळींच्या लक्षात सहसा लवकर येत नाही.

पैशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली व गेट्स प्रतिष्ठानच्या साहाय्याने गव्हाच्या टिकाऊ प्रतिकारशक्तीसाठी मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यातून न्जोरो व इथिओपिया येथील कामास बळ मिळाले, तरुण शास्त्रज्ञ तयार झाले. याचे मोल कमी नाही. तथापि असा प्रकल्प काही वर्षांच्या मुदतीचा असतो, आणि तांबेऱ्यास मुदत नसते. देणाऱ्याचे धोरण बदलले की काम थांबते. २०२५ साली अमेरिकेच्या सरकारने परदेशांस विकाससाहाय्य देणारी आपली संस्था गुंडाळली, तेव्हा शेतीसंशोधनातील अनेक सहकारी योजना मध्येच बंद पडल्या. ज्या देशाने आपल्या अंदाजपत्रकात या कामासाठी थोडी का होईना पण नेमाने रक्कम ठेवली असेल, त्याचेच पाहणीपथक अशा वेळी शेतात जाऊ शकते. भारताने शिमला, महाबळेश्वर व निलगिरीतील वेलिंग्टन येथील केंद्रे सरकारी खर्चाने चालू ठेवली, हे या दृष्टीने दूरदर्शीपणाचे ठरले आहे.

उत्तर लवकर मिळावे म्हणून २०१८ पासून इथिओपियात एक निराळा प्रयत्न झाला. इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटर या संस्थेच्या डायान साँडर्स, आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र आणि इथिओपियाची कृषिसंशोधन संस्था यांनी मिळून, प्रवासी पेटीत मावेल अशी प्रयोगशाळा तयार केली. तळहाताएवढ्या यंत्रावर पिवळ्या तांबेऱ्याच्या बुरशीतील आनुवंशिक द्रव्य वाचून वंश ओळखला जातो. जिवंत रोग देशाबाहेर न्यावा लागत नाही, आणि महिन्यांऐवजी दोन-तीन दिवसांत उत्तर मिळते. यातील महत्त्वाची गोष्ट यंत्र नव्हे, ते चालविणारी इथिओपियन माणसे तेथेच शिकून तयार झाली ही आहे. या यंत्रास लागणारी सामग्री अजून परदेशातूनच येते, एवढी उणीव त्यात आहे.

खपलीचा गुण

यूजी ९९ च्या विरुद्ध जगभर प्रतिकारक गुणांचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या संग्रहातील गहू पुन्हा बाहेर काढण्यात आले. खपलीतील ‘एस-आर १३’ हा गुण या वंशापुढे टिकतो असे आढळले. २०१७ साली त्याचे जनुक नेमके हुडकून काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले. बन्सी जातीच्या गव्हासाठी तो विशेष उपयोगी आहे. अर्थात तो अजिंक्य नाही; त्यावर मात करणारा एक वंश इथिओपियातच आढळलेला आहे. म्हणून आता पैदासकार एका मोठ्या गुणावर विसंबून न राहता अनेक लहानमोठे गुण एकाच वाणात एकत्र आणण्याचा प्रयत्न करीत आहेत.

खपलीचे पीक उत्पन्नास कमी म्हणून मागे पडले होते. ज्यांनी ते घरच्या पोळीपुरते का होईना राखले, त्यांच्या शेतात केवळ जुनी चव टिकून राहिली असे नव्हे.

गावपातळीवर करावयाचे काम

वंशाची परीक्षा प्रयोगशाळेत होत असली तरी नमुना शेतातूनच जावा लागतो. शास्त्रज्ञांची संख्या थोडी व गावे फार. म्हणून गव्हाच्या भागातील कार्यकर्त्यांनी जानेवारीपासून पीक पक्व होईपर्यंत दर आठवड्यास काही ठरावीक शेते पाहावीत. उशिरा पेरलेले पीक, दाट व नत्र जास्त दिलेले पीक, आणि पाण्याच्या पाटाजवळील ओलसर भाग येथे रोग लवकर दिसतो. पानाच्या वरच्या बाजूस विखुरलेले नारिंगी-तपकिरी बारीक ठिपके हा पानावरील तांबेरा होय. खोडावरील लांबट, कडा फाटलेले विटकरी फोड हा खोडावरील काळा तांबेरा. पक्व होताना ते फोड काळे पडतात, म्हणून त्यास काळा म्हणतात. पिवळा तांबेरा थंड प्रदेशातील असल्याने आपल्याकडे सहसा आढळत नाही.

जो वाण आजवर स्वच्छ राहत होता त्यावर तांबेरा दिसल्यास ती गोष्ट विशेष महत्त्वाची समजावी. रोगट पान किंवा खोडाचे बोटभर लांबीचे आठ-दहा तुकडे घ्यावेत, सावलीत कागदावर पसरून एक दिवस वाळवावेत, आणि साध्या कागदी पाकिटात घालावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत. आत ओल धरून बुरा येतो व नमुना वाया जातो. पाकिटावर गाव, तालुका, तारीख, वाणाचे नाव, पेरणीची तारीख आणि अंदाजे किती पीक रोगट आहे, हे पेन्सिलीने लिहावे. एका पाकिटात एकाच शेताचा व एकाच वाणाचा नमुना असावा. पाकीट महाबळेश्वरच्या केंद्राकडे किंवा नजीकच्या कृषी विद्यापीठाच्या गहू संशोधन केंद्राकडे विनाविलंब पाठवावे.

नमुना घेतल्यावर शेतकऱ्यास तसेच सोडून निघू नये. दाणा भरण्यास अवकाश असून रोग वाढत असेल तर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के प्रवाही हे औषध दर लिटर पाण्यास १ मिलिलिटर या प्रमाणात, वारा नसताना फवारण्यास सांगावे. दाणे कडक झाल्यावर फवारणीचा खर्च व्यर्थ जातो, हेही स्पष्ट सांगावे. पुढील हंगामासाठी त्याच शेतातील बी ठेवण्यास हरकत नाही, कारण हा रोग बियाण्यातून येत नाही. परंतु तोच वाण पुन्हा लावावा की नाही, हे केंद्राकडून उत्तर आल्यावर ठरवावे. शिफारस झालेल्या वाणांपैकी एकच सबंध गावाने न लावता दोन-तीन वाटून लावणे बरे.

उत्तर आल्यावर ते ज्याच्या शेतातील नमुना होता त्यास वाचून दाखवावे. हंगामभर पाहणी करूनही रोग आढळला नाही, तर ‘तांबेरा नाही’ अशी नोंद गाव, वाण व तारीख घालून तितक्याच नेमाने कळवावी. रोगाच्या नकाशावर रिकामी जागा व निरोगी जागा यांतील फरक त्याशिवाय कळत नाही.